आभासी वाद्ये व ध्वनिसंस्करण

तार, चामडे, पत्ती किंवा हवेचा स्तंभ यांच्या प्रत्यक्ष कंपनांऐवजी इलेक्ट्रॉनीय मंडलांतून अथवा संगणकातून एखाद्या परिचित वाद्याचा नाद निर्माण करणाऱ्या साधनांस आभासी किंवा प्रतिरूप वाद्ये म्हणतात. अशा साधनातून निघणारा मूळ नाद बहुधा कोरडा, सपाट आणि एकसारखा असतो. त्यास मूळ वाद्याच्या नादाजवळ नेण्यासाठी त्यावर ज्या प्रक्रिया केल्या जातात, त्यांना ध्वनिसंस्करण म्हणतात. निनाद मिसळणे, अधिस्वरांचे प्रमाण बदलणे, स्वर किंचित हेलकावणे, नादाची प्रबलता आवरणे इ. प्रक्रिया यांत मोडतात. नाटकातील वा चित्रपटातील पाऊस, वादळ, पावले यांसारख्या आवाजांनाही ध्वनिपरिणाम म्हणतात. त्यांचा येथे विचार केलेला नाही.

महाराष्ट्रात या विषयाचा इतिहास मुख्यत्वे मुंबईतील चित्रपटसंगीत आणि मिरजेचा तंबोरा यांच्या अनुषंगाने घडला. वाद्याचा सजीवपणा केवळ त्याच्या स्वनगुणात नसतो. वादकाचा हात, वाद्याचे शरीर आणि ज्या जागेत ते वाजते ती जागा या तिन्हींमिळून तो सिद्ध होतो, ही गोष्ट या इतिहासातून स्पष्ट होते. त्यामुळे एका वाद्याला नैसर्गिक करणारे संस्करण दुसऱ्या वाद्याला कृत्रिम करू शकते.

अनुकृतीची परंपरा : एका माध्यमातील वस्तू दुसऱ्या माध्यमात उभी करण्याची कला जुनी आहे. छत्रपती संभाजीनगरपासून (पूर्वीचे औरंगाबाद) सु. ३० किमी. अंतरावर असलेल्या वेरूळ येथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात तिचे उत्तम उदाहरण आढळते. सातव्या शतकातील हे चैत्यगृह विश्वकर्मा या नावाने ओळखले जाते. त्याच्या कमानदार छतावर दगडातच फासळ्या कोरलेल्या आहेत. मुळात अशा फासळ्या लाकडी चैत्यगृहांचे छप्पर पेलण्यासाठी असत. कार्ले येथील चैत्यगृहात दगडी छताखाली खऱ्या लाकडी फासळ्या बसविल्या होत्या व त्या आजही दिसतात. वेरूळच्या फासळ्या काहीही पेलत नाहीत. पण त्यांच्यावाचून ते छत पाहणाऱ्यास चैत्याचे वाटले नसते. या लाकूडकामसदृश कामावरूनच लेण्यास ‘सुतार का झोपडा’ हे लोकप्रचलित नाव मिळाले. आभासी वाद्यातही असेच घडते. तंबोऱ्याच्या भोपळ्याचा अनुनाद किंवा छेडणाऱ्या बोटाचा सूक्ष्म घासरा यांची संगणकाला गरज नसते, ऐकणाऱ्या कानाला मात्र ती असते.

वाद्यांच्या क्षेत्रात हा प्रश्न भारतात प्रथम पेटीच्या निमित्ताने तीव्रतेने पुढे आला. यूरोपातून आलेली हार्मोनिअम मराठी संगीत रंगभूमीने आपलीशी केली. परंतु तिचे स्वर ठरावीक असल्यामुळे मींड आणि श्रुती यांना तीत स्थान नाही, असा आक्षेप घेतला गेला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व ब्रिटिश अधिकारी ई. क्लेमेंट्‌स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बावीस श्रुतींची पेटी तयार करविण्याचा प्रयत्न केला. देवलांच्या श्रुतिसंशोधनास अब्दुल करीम खाँ यांचे साहाय्य लाभले होते. पुढे १९४० साली आकाशवाणीने हार्मोनिअमवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये अंशतः उठविण्यात आली. या वादात पेटीच्या स्वनगुणापेक्षा तिच्या स्वरांच्या हालचालीवर अधिक भर होता, हे लक्षणीय आहे. आभासी वाद्यांबाबतही पुढे हीच अडचण उद्‌भवली.

मुंबईतील आरंभ : इलेक्ट्रॉनीय साधनावर देशी वाद्याची अनुकृती करण्याचा सर्वपरिचित प्रयोग १९५४ साली नागिन या हिंदी चित्रपटात झाला. हेमंतकुमार यांचे संगीत असलेल्या या चित्रपटातील बीनचा नाद प्रत्यक्ष पुंगीचा नव्हता. पुढे संगीतकार म्हणून प्रसिद्धीस आलेले कल्याणजी वीरजी शाह यांनी तो क्लॅव्हिओलीन या साधनावर वाजविला होता व त्यास रवी यांच्या हार्मोनिअमची जोड होती. क्लॅव्हिओलीन हे फ्रान्समधील काँस्तां मार्तँ यांनी १९४७ मध्ये तयार केलेले, एका वेळी एकच स्वर देणारे व निर्वात नलिकांवर चालणारे वाद्य होय. त्याला स्वरपट्ट्या, नादाचा रंग बदलणाऱ्या कळा, स्वराला कंप देणारी योजना व गुडघ्याने प्रबलता कमीजास्त करण्याचा दांडा असे.

या अनुकृतीच्या यशाची कारणे तांत्रिक आहेत. पुंगीच्या पत्तीचा नाद अधिस्वरांनी भरलेला, किंचित चिरका असतो. क्लॅव्हिओलीनमधील विद्युत् कंपनेही तशीच अधिस्वरसमृद्ध असतात. पुंगीवादक गालांत हवा साठवून अखंड फुंकतो. त्यामुळे स्वर तुटत नाहीत व प्रत्येक स्वराला स्वतंत्र आरंभ नसतो. इलेक्ट्रॉनीय वाद्याची सर्वांत मोठी उणीव स्वराच्या आरंभीच उघडी पडते. ती येथे आपोआप झाकली गेली. उरलेले काम कंपयोजनेने, गुडघ्याच्या दांड्याने आणि वादकाच्या हरकतींनी केले. बीनचा नाद म्हणून पुढील अनेक वर्षे श्रोत्यांच्या मनात हाच नाद ठसला. अनुकृतीनेच मूळ वाद्याची प्रतिमा घडवावी, असा हा प्रकार होता.

याच सुमारास पाश्चात्त्य देशांत वाद्य आणि संस्करण यांची सांगड घालणारी अन्य साधने रूढ झाली होती. १९३५ साली बाजारात आलेल्या हॅमंड ऑर्गनचा नाद नळ्यांच्या ऑर्गनच्या मानाने स्थिर व निर्जीव वाटे. त्यावर डोनाल्ड लेस्ली यांनी फिरत्या कर्ण्याचा ध्वनिक्षेपक योजला. कर्णा श्रोत्याच्या दिशेने येताना स्वर किंचित चढतो व दूर जाताना उतरतो. त्यामुळे नादात हालचाल निर्माण होते. १९७४ च्या सुमारास प्रचारात आलेल्या सोलिना या तंतुवाद्यवृंदाच्या अनुकृतीतही एकाच नादाच्या किंचित विलंबित व हेलकावत्या प्रती एकत्र करून अनेक व्हायोलिनांचा भास निर्माण केला जाई. या प्रक्रियेस वृंदपरिणाम (कोरस) म्हणतात. दहा व्हायोलिनवादक कितीही कुशल असले, तरी त्यांचे स्वर आणि आरंभ तंतोतंत जुळत नाहीत. या सूक्ष्म विसंगतीतच समूहाची भव्यता असते.

नैसर्गिकतेचे घटक : कोणत्याही वाद्याचा एक स्वर ऐकताना कान प्रामुख्याने चार गोष्टी टिपतो. पहिली, स्वराचा आरंभ. तार छेडल्याच्या, थाप पडल्याच्या किंवा गज तारेवर बसल्याच्या क्षणी काही मिलिसेकंद अनियमित, गोंगाटसदृश नाद उमटतो. तो काढून टाकल्यास परिचित वाद्यही ओळखणे कठीण जाते. दुसरी, अधिस्वरांचा बदलता समतोल. मूळ स्वराबरोबर उमटणारे हे वरचे स्वर एकाच वेगाने विरत नाहीत. बहुधा उच्च अधिस्वर आधी विरतात आणि जोराने वाजविल्यास त्यांचे प्रमाण वाढते. तिसरी, पुनरावृत्तीतील भिन्नता. तबल्यावर सलग वाजविलेले दोन ‘ना’ कधीही पूर्णतः सारखे नसतात. चौथी गोष्ट म्हणजे भोवतालच्या जागेचा प्रतिसाद होय.

आरंभीच्या साधनांत या चारही गोष्टींचा अभाव होता. मूळ वाद्याच्या स्वरांचे ध्वनिमुद्रित नमुने वाजविण्याची पद्धत आल्यावर पहिली उणीव बरीचशी दूर झाली. १९७९ मधील फेअरलाइट या ऑस्ट्रेलियन साधनाने हे नमुने अंकीय स्वरूपात साठविणे व्यवहार्य केले. दुसऱ्या व तिसऱ्या उणिवेवर उपाय म्हणून पुढे एकाच स्वराचे मंद, मध्यम व जोरकस असे अनेक नमुने घेऊन ते आघाताच्या बलानुसार व आलटूनपालटून वाजविण्याची योजना झाली. १९८३ मध्ये विविध इलेक्ट्रॉनीय वाद्ये परस्परांस जोडणारी मिडी ही संकेतप्रणाली आली; १९९९ मध्ये व्हीएसटी या प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीमुळे संपूर्ण वाद्य व त्यावरील संस्करण हे दोन्ही एकाच संगणकात सामावले.

तंबोऱ्याचे उदाहरण : अनुकृतीच्या दृष्टीने तंबोरा हे वरवर अत्यंत सोपे वाद्य आहे. त्यावर राग वाजत नाही, बोटे सरकत नाहीत. चार तारा क्रमाने छेडल्या जातात, एवढेच. प्रत्यक्षात मात्र आभासी वाद्यांपैकी सर्वांत कठीण वाद्यांत त्याची गणना करावी लागते.

सांगली जिल्ह्यातील मिरज हे तंबोरा व सतार यांच्या निर्मितीचे जुने केंद्र आहे. शस्त्रांना धार लावण्याचा व्यवसाय करणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर एकोणिसाव्या शतकात या कामाकडे वळले. त्यांत फरीदसाहेब यांचे नाव अग्रगण्य आहे. वाद्यासाठी लागणारे मोठे भोपळे पंढरपूर–मंगळवेढे परिसरातून येतात. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्याच्या नादाचे मर्म त्याच्या घोडीत आहे. इतर अनेक तंतुवाद्यांत तार घोडीच्या तीक्ष्ण कडेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद व किंचित उतरती असते आणि कंप पावणारी तार तिच्या पृष्ठभागास वारंवार स्पर्श करते. तार व घोडी यांमध्ये सुताचा दोरा सरकवून हा स्पर्श नेमका साधणे म्हणजे जवारी लावणे होय. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात या घोडीचे वैशिष्ट्य दाखवून दिले. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे ज्यांचा निस्पंद बिंदू येतो, असे अधिस्वर सामान्य नियमानुसार उमटू नयेत. तंबोऱ्यात व वीणेत मात्र ते स्पष्ट ऐकू येतात. तारेतील ऊर्जा उच्च अधिस्वरांकडे वळत राहिल्यामुळे स्वर विरताना त्याचा रंगही सरकत जातो. खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा तिचा पाचवा अधिस्वर होय. तो पेटीच्या समविभागी सप्तकातील गंधारापेक्षा सु. १४ सेंटने (एका सप्तकाचे १,२०० सेंट मानतात) खाली असतो. गायकाचा कान या गंधारावर घडतो, म्हणून तंबोऱ्याची अनुकृती कशी आहे हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

बंगळूरचे बासरीवादक व अभियंते जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनीय तंबोरा तयार केला. एकट्याने रियाज करणाऱ्यास व प्रवासात असणाऱ्या कलावंतास त्यामुळे मोठी सोय झाली आणि काही वर्षांतच ही पेटी महाराष्ट्रातील संगीतविद्यालयांत व घरोघरी पोहोचली. आरंभीच्या साधनांत नाद इलेक्ट्रॉनीय मंडलांतून निर्माण होई. पुढे खऱ्या तंबोऱ्याचे अंकीय नमुने वापरले जाऊ लागले. तरीही काही दोष राहिले. नमुना वरच्या पट्टीत वाजविण्यासाठी त्याचा वेग वाढविल्यास तारेच्या स्वराबरोबर भोपळ्याचा अनुनादही वर सरकतो. त्यामुळे वाद्य लहान झाल्यासारखे ऐकू येते. खऱ्या तंबोऱ्यात पट्टी बदलली, तरी भोपळा तोच राहतो. हा दोष टाळण्यासाठी प्रत्येक पट्टीचे वेगळे नमुने घ्यावे लागतात किंवा तारेचा नाद आणि शरीराचा प्रतिसाद वेगळे साठवून शेवटी एकत्र करावे लागतात. दुसरा दोष म्हणजे छेडण्याची यांत्रिक नियमितता. माणूस तंबोरा छेडताना लय सांभाळत नाही, ओघ सांभाळतो. त्यामुळे दोन आघातांमधील अंतर सूक्ष्मपणे बदलते. एका तारेची आस दुसरीत मिसळते आणि घोडीमार्फत तारा परस्परांस कंप देतात.

नमुन्यांच्या पद्धतीला पर्याय म्हणून वाद्याच्या भौतिक वर्तनाचे गणिती प्रतिमान संगणकात चालविण्याची पद्धत विकसित झाली. केव्हिन कार्प्लस व ॲलेक्स स्ट्राँग यांनी १९८३ साली छेडलेल्या तारेच्या नादाचे अत्यंत सोपे प्रतिमान प्रसिद्ध केले. त्यात क्षणिक गोंगाट एका विलंबचक्रात फिरविला जातो व प्रत्येक फेरीत त्याची तीव्र टोके बोथट केली जातात. तंबोऱ्याच्या बाबतीत तारेचा घोडीशी होणारा वारंवार स्पर्शही मोजावा लागतो. मार्टेन फान वाल्स्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये असे तत्क्षणी चालणारे प्रतिमान मांडले. रामन यांनी नोंदविलेले गुणधर्म जवळजवळ एका शतकानंतर अशा रीतीने प्रत्यक्ष वाद्यनिर्मितीस उपयोगी पडले.

निनाद व जागा : मूळ नाद थांबल्यावरही भिंती, छत व जमीन यांवरून परावर्तित झालेल्या तरंगांमुळे तो काही काळ ऐकू येत राहतो, यास निनाद म्हणतात. ध्वनीचा वेग सेकंदास सु. ३४० मी. असल्यामुळे एका मिलिसेकंदात तो सु. ३४ सेंमी. जातो. वेरूळच्या विश्वकर्मा लेण्याचा सभामंडप सु. २६ मी. लांब, १३ मी. रुंद व १० मी. उंच आहे. त्याच्या मध्यभागी बसून गाणाऱ्याचा स्वर बाजूच्या भिंतीपर्यंत जाऊन परत येण्यास सु. ३८ मिलिसेकंद लागतात. मधले खांब त्याआधीच लहान परावर्तने परत पाठवितात, तर उंच कमानदार छतावरील परावर्तन आणखी उशिरा पोहोचते. घट्ट दगड ध्वनी फारच थोडा शोषून घेत असल्याने ही परावर्तने एकमेकांत मिसळत दीर्घकाळ टिकतात. हेल्मूट हास यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनुसार मूळ ध्वनीनंतर सु. ३० मिलिसेकंदांच्या आत आलेले परावर्तन वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येत नाही. ते मूळ ध्वनीस पुष्टी देते. म्हणून जागेचा आकार व वाद्याचे अंतर कान मुख्यतः या पहिल्या परावर्तनांवरून ओळखतो.

कृत्रिम निनादासाठी प्रथम रिकाम्या खोल्या वापरल्या जात. ध्वनिक्षेपकातून नाद खोलीत सोडून तो दुसऱ्या टोकास पुन्हा मुद्रित करीत. १९५७ मध्ये जर्मनीतील ईएमटी या कंपनीने टांगलेल्या पोलादी पत्र्याच्या कंपनांतून निनाद मिळविणारे उपकरण आणले. मानफ्रेट श्र्योडर यांनी १९६१–६२ मध्ये संगणकीय विलंबांच्या जाळ्यातून निनाद निर्माण करण्याचे तत्त्व मांडले. व्यावसायिक अंकीय निनादयंत्र १९७६ मध्ये प्रचारात आले. १९९९ पासून प्रत्यक्ष जागेचा प्रतिसाद वापरणे शक्य झाले. जागेत एक तीव्र क्षणिक ध्वनी किंवा चढत जाणारा शुद्ध स्वर सोडून तिचा प्रतिसाद नोंदवितात व तो गणिती क्रियेने कोणत्याही कोरड्या नादावर लादतात. या रीतीने चैत्यगृहाचा, वाड्यातील दिवाणखान्याचा किंवा नाट्यगृहाचा निनाद संगणकातील वाद्यास देता येतो.

येथे निवडीचा विवेक आवश्यक ठरतो. यूरोपीय वाद्यवृंदाच्या सभागृहात निनादाचा काल सु. २ सेकंद असणे इष्ट मानले जाते; व्हिएन्ना येथील म्यूझिकफेराइन हे प्रेक्षकांनी भरलेले असताना जवळजवळ तेवढाच काल देते. महाराष्ट्रातील मैफल मात्र दिवाणखान्यात, गालिचे, तक्के, पडदे आणि दाटीने बसलेले श्रोते यांच्या सहवासात वाढली. अशा जागेत निनाद अर्ध्या सेकंदाच्या आसपास असतो व तबल्याचा प्रत्येक बोल सुटा ऐकू येतो. मोठ्या सभागृहाचा तयार निनाद आभासी तबल्यास किंवा सतारीस लावल्यास नाद भव्य होतो. पण बोल एकमेकांत विरघळतात आणि वाद्य आपल्या घरापासून दूर गेल्यासारखे वाटते. याउलट छत्रपती संभाजीनगर येथील सोनेरी महालाच्या आवारात भरत आलेल्या वेरूळ–अजिंठा महोत्सवासारख्या उघड्यावरील कार्यक्रमांत परावर्तन देणाऱ्या भिंती जवळ नसतात. तेथे थोडा कृत्रिम निनाद खऱ्या वाद्यालाही द्यावा लागतो. म्हणजे नैसर्गिकता ही खऱ्या वाद्यालाही आपोआप प्राप्त होत नाही.

अन्य संस्करणे : निनादाखेरीज चार प्रकार विशेष उपयोगात आहेत. कंप्रताछानकांनी (ठरावीक कंप्रतापट्टे कमीजास्त करणाऱ्या योजनांनी) नमुन्यातील अनावश्यक चकाकी कमी करता येते. दूर बसलेल्या वादकाचा भास निर्माण करण्यासाठी उच्च कंप्रता मंद करतात, कारण हवा व जागा याच कंप्रता अधिक शोषतात. प्रबलता आवरणारी यंत्रणा (कंप्रेसर) तीव्र आघात सौम्य करते. तिचा अतिरेक झाल्यास थापेतील जोर नाहीसा होतो. फीत किंवा निर्वात नलिका यांच्या सौम्य विरूपणाची नक्कल केल्यास नादात थोडे नवे अधिस्वर मिसळतात व त्यास ऊब येते. चौथा प्रकार म्हणजे आधी उल्लेखिलेला वृंदपरिणाम. तो व्हायोलिनांच्या समूहास उपकारक असला, तरी तंबोऱ्यास घातक आहे. ज्या षड्‌जाच्या स्थैर्यावर गायक स्वर लावतो, तोच षड्‌ज त्यामुळे हेलकावतो आणि स्वयंभू गंधार पुसट होतो. ढोलकी व तबल्याच्या डग्ग्यास स्वरांची घसीट हवी असते, संतूरला विपुल आस हवी असते, सनईला श्वासाची खरखर हवी असते. एकच सूत्र सर्वांना लागू पडत नाही.

संस्करणाने वादनशैली मात्र निर्माण होत नाही. मुंबईतील वादक चरणजीत सिंग यांनी १९८२ साली रोलंड कंपनीच्या इलेक्ट्रॉनीय वाद्यांवर दहा राग ध्वनिमुद्रित केले. त्यांनी कोणत्याही देशी वाद्याची हुबेहूब नक्कल केली नाही. परंतु स्वरांवरून स्वरांवर सरकण्याच्या सोयीचा त्यांनी रागांगाला धरून उपयोग केला. २०१० मध्ये हे ध्वनिमुद्रण पुन्हा प्रकाशित झाल्यावर त्याची जगभर दखल घेतली गेली. नाद उघडपणे कृत्रिम असूनही मींड जागच्या जागी असल्यास राग ओळखू येतो, आणि नमुना कितीही अस्सल असला, तरी मींड चुकल्यास तो परका वाटतो, हे या उदाहरणावरून दिसते.

सामाजिक परिणाम : हिंदी व मराठी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणासाठी मुंबईत एके काळी पन्नासहून अधिक वादक एकत्र बसत. त्यांत गोमंतकीय व्हायोलिनवादक व वृंदरचनाकार यांचा वाटा फार मोठा होता. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टिअन डिसोझा ही त्यांतील ख्यातनाम नावे. बहुपथी ध्वनिमुद्रण आणि मिडी यांचा प्रसार झाल्यावर १९९० नंतरच्या दशकात मोठे वाद्यवृंद वेगाने ओसरले. आरंभी कृत्रिम तंतुवृंद खऱ्या चारसहा व्हायोलिनांखाली भरीसाठी वापरला जाई. नंतर ती व्हायोलिनेही वगळली गेली. १९८५ मध्ये आलेल्या ऑक्टापॅडने ऑर्केस्ट्रांत अनेक तालवाद्यांची जागा घेतली. एकाच वादकापुढे ढोलकी, ताशा, घुंगरू इत्यादींचे नाद उपलब्ध झाल्यामुळे लहान गावांतील कार्यक्रम स्वस्तात होऊ लागले, परंतु ती वाद्ये प्रत्यक्ष वाजविणाऱ्यांचे काम कमी झाले. इलेक्ट्रॉनीय तंबोऱ्यामुळे रियाज सुलभ झाला. त्याचबरोबर गुरूच्या मागे बसून तंबोरा छेडत ऐकण्याची शिष्याची जुनी संधीही आकसली. मैफलीच्या व्यासपीठावर मात्र मिरजेच्या तंबोऱ्यांची जोडी आजही सन्मानाने ठेवली जाते.

अनुकृतीचा दुसरा पक्षही विचारात घ्यावयास हवा. उत्तम नमुने घेण्यासाठी उत्तम वाद्य व निष्णात वादक लागतात. प्रतिमान रचण्यासाठी घोडीच्या वक्रतेची माहिती लागते आणि ती माहिती पिढ्यान्‌पिढ्या कारागिरांच्या बोटांत साठलेली असते. जवारी लावणारा कारागीर नाहीसा झाल्यास संगणकाला अनुकरणासाठी मूळच उरणार नाही. म्हणून आभासी वाद्ये व मूळ वाद्ये यांचे नाते केवळ स्पर्धेचे नाही, ते परावलंबनाचेही आहे.

मूल्यमापन : आभासी वाद्याचे संस्करण किती करावे, यासंबंधी अनुभवातून काही संकेत रूढ झाले आहेत. वाद्याचे मूळ रूप व ते वाजते ती जागा आधी ओळखावी; वादनातील चुका निनादाने झाकू नयेत; एकाच जागेत वाजत असल्याचा भास हवा असल्यास सर्व वाद्यांना एकाच जागेचा प्रतिसाद द्यावा व अंतर तेवढे वेगवेगळे ठेवावे; मूळ वाद्य शेजारी वाजवून वारंवार तुलना करावी. यांतील शेवटचा संकेत सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्याने खरा तंबोरा जवळून ऐकलेला नाही, त्याला अनुकृतीतील उणीव जाणवत नाही व ती दूर करण्याची गरजही वाटत नाही. ध्वनिसंस्करणाची साधने गेल्या सत्तर वर्षांत गुडघ्याच्या दांड्यापासून संगणकीय प्रतिमानांपर्यंत आली. मात्र त्यांना दिशा देणारे प्रमाण मूळ वाद्याच्या सान्निध्यात तयार झालेला कान हेच राहिले आहे.